टिकवलेला सूर

दादाचा सूर वेळेआधी विझू लागला होता आणि हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणत. शाळेत असताना पडलेलं हे नाव अंगाबरोबर वाढलं नव्हतं. आता तो दादाच्या दीडपट होता आणि अरुंद दारातून जरा तिरका होऊनच आत यायचा.

दादा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये तिघांचा बँड असे. दादा, एक ड्रमर आणि की-बोर्डवर एक बाई, जी दिवसा शाळेत गणित शिकवायची. बारक्या हॉलच्या मागच्या कोपऱ्यात मिक्सर सांभाळायचा. कोणाचा आवाज किती बाहेर जाईल आणि कोणाच्या कानात काय ऐकू येईल, हे त्याच्या बोटांवर होतं.

शेवटून दुसरी धून संथ होती. तिच्या टोकाला दादा अनामिका आणि करंगळी एकत्र एका तारेवर दाबायचा, तार किंचित वर ताणायचा आणि तो एकच सूर धरून ठेवायचा. ड्रम थांबत, की-बोर्ड थांबे. जेवणारी माणसं चमचा हातात धरून वर बघत. तो सूर हळूहळू बारीक होत जाई आणि पार नाहीसा झाल्यावरच ड्रमर पुढची थाप मारी. ड्रमर दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होता आणि त्याची जीभ तिथल्या अवजारांइतकीच धारदार होती. तो म्हणायचा, दादाचा सूर संपेपर्यंत माझा एक पेशंट होऊन जातो.

लोक त्या सुरासाठी येत, असं हॉटेलचा मॅनेजर म्हणे. दादा वरवर उडवून लावायचा, पण घरी जाताना बारक्याला हमखास विचारायचा, "आज कसा धरला?" दुसऱ्या कोणाला तो हे विचारत नसे.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी बारक्याला मिक्सरवरचा, आवाजाची पातळी दाखवणारा काटा नेहमीपेक्षा लवकर पडताना दिसला. सूर अर्ध्यात खचला आणि शेवटी तार थोडी खरखरली. हॉलमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. दादा घामाने थबथबलेला होता. गर्मीमुळे बोट घसरलं, असं तो म्हणाला.

बारक्याने आधी वस्तूंवर संशय घेतला. त्याने तारा बदलल्या. वायर बदलली. ॲम्प्लिफायर उघडून पुसला. गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या झिजल्यात का, हे भिंग लावून पाहिलं. सगळं ठाकठीक होतं. पुढच्या रविवारी सूर पुन्हा तिथेच खचला. मग संशय घ्यायला बोटांखेरीज काही उरलं नाही. तार पट्टीवर घट्ट दाबली नाही तर तिची थरथर बोटाखाली गळून जाते. ती कितीही जोरात छेडा, फायदा नाही.

तेव्हाच दादाला सांगायला हवं होतं. बारक्याने न सांगण्याची कारणं त्याच आठवड्यात जमवली. दादा मनाला लावून घेईल. असेल काहीतरी, जाईल आपोआप. हॉटेलात नवा मॅनेजर आलाय, आत्ता कुरबूर नको. कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली आणखी एक कारण होतं, जे त्याने स्वतःशीही नीट उच्चारलं नाही. हे दुरुस्त करणं त्याला जमणार होतं, आणि जमणारी गोष्ट करून बघायचा मोह त्याला आवरला नाही.

त्याच्याकडे कॉम्प्रेसर होता. पुस्तकाएवढी एक पेटी, तिच्यावर चार-पाच बटणं. तिचं काम सांगायला सोपं आहे. आवाज एका ठरावीक पातळीच्या वर गेला की ती त्याला खाली दाबते. मग दाबलेलं आणि न दाबलेलं, सगळंच मिळून वर उचलते. त्यामुळे जोरात वाजलेलं आणि हळू वाजलेलं जवळजवळ सारखं ऐकू येतं आणि विझत चाललेला सूर विझत नाहीये असा भास होतो. तार तिच्या वेळेलाच थांबते. फक्त तिच्या शेवटच्या कुजबुजीला पेटी मोठ्या आवाजात बोलायला लावते.

दादाला ही पेटी आवडत नसे. बऱ्याच गिटारवाल्यांच्या पायाशी ती असते, पण दादाचं म्हणणं होतं की माझा हात हलका पडला तर हलका ऐकू येऊ दे, जड पडला तर जड. सगळं एकाच उंचीचं करायचं असेल तर इस्त्रीवाल्याला बोलवा.

म्हणून बारक्याने पेटी मिक्सरच्या मागे, वायरींच्या गुंत्यात बसवली. त्याने काम नीट केलं. पेटी इतकी उशिरा जागी होईल असं ठेवलं की छेडल्याचा पहिला टणत्कार तसाच बाहेर यावा आणि दाबणं त्याच्या मागून सुरू व्हावं. नाहीतर दादाने पहिल्याच सुराला चोरी पकडली असती. मग त्याने आणखी एक गोष्ट केली आणि खरी चूक ती होती. हॉलमध्ये एक आणि दादाच्या कानात दुसरंच, असं होऊ नये म्हणून त्याने दादाच्या कानातल्या इअरफोनलाही तोच पेटीतून आलेला आवाज दिला.

पाहुण्यांना गोंगाट नको म्हणून हॉटेलने ॲम्प्लिफायर स्टेजवर ठेवायला बंदी केली होती. तो सामानाच्या खोलीत असे आणि त्याच्यापुढे माइक. दादाला स्वतःचं वाजवणं ऐकू येई ते फक्त इअरफोनमधून. तालमीच्या खोलीतही तीच पद्धत होती, मिक्सर आणि पेटीही तीच. घरी तो वायर न जोडताच सराव करायचा आणि तसं वाजवलं की इलेक्ट्रिक गिटारचा सूर कोणाच्याही हातात लगेच विरतो. म्हणजे दादाला स्वतःचा हात कळायची एकच जागा होती आणि तिथे बारक्या पेटी घेऊन बसला होता.

त्या शनिवारी सूर पूर्वीसारखा टिकला. चमचे थांबले. घरी जाताना दादाने विचारलं, "आज कसा धरला?"

"मस्त," बारक्या म्हणाला.

मग दर थोड्या दिवसांनी त्याला पेटीचं बटण थोडं पुढे सरकवावं लागलं. इतकं थोडं, की प्रत्येक वेळी ते क्षुल्लक वाटावं. पेटी फक्त सूर उचलत नाही, सुराच्या आजूबाजूला जे काही असेल तेही उचलते. दोन धुनांच्या मधल्या शांततेत आता खरखर येऊ लागली, सामानाच्या खोलीत कोणी खुर्ची सरकवली तरी कानात ऐकू येई. दादाने दोनदा विचारलं. बारक्याने सांगितलं, वायरिंग जुनं आहे, हॉटेलचंही आणि तालमीच्या खोलीचंही. दादाने मान डोलावली. त्या विषयात तो बारक्याच्या शब्दापुढे जात नसे.

दादा त्या काळात खुशीत होता. तालमीला लवकर यायचा. जुन्या, सोडून दिलेल्या धुना त्याने पुन्हा बाहेर काढल्या. गणिताच्या बाई म्हणाल्या, वय उलटं चाललंय की काय. बोटं लवकर दमतात हे त्याला जाणवत होतं, पण ती एक सांगत होती आणि कान दुसरंच, आणि दादाने आयुष्यभर कानावर विश्वास ठेवला होता.

घरात मात्र पेटी नव्हती. वहिनी पडद्यांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं हे तिचं काम आणि एखादी गोष्ट बोटभर इकडची तिकडे झालेली तिच्या नजरेतून सुटत नसे. दादाने बटणांचे सदरे घालणं सोडलं होतं. रोज डोक्यातून घालायचे टी-शर्ट. किल्ली फिरवताना तो डाव्याऐवजी उजवा हात वापरायचा. डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा तिला जरा खोल वाटायची.

एका दुपारी दादा बाहेर गेलेला असताना बारक्या इस्त्री दुरुस्त करून द्यायला आला. वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती समोर बसली. ती सहसा बसत नसे, उभ्याउभ्याच बोलायची. तिने हे सगळं सांगितलं. डॉक्टरकडे नंबर लावलाय म्हणाली, पण हे तयार नाहीत. हे म्हणतात, हाताला काही झालं असतं तर पहिल्यांदा वाजवण्यात दिसलं असतं.

"तुमच्याइतकं जवळून त्यांचं कोणी ऐकत नाही, भावजी," वहिनी म्हणाली. "खरं सांगा. वाजवण्यात काही फरक पडलाय?"

बारक्याने चहाचा घोट घेतला. तो गरम होता. त्याने कप खाली ठेवला.

"नाही, वहिनी. वाजवणं ठीक आहे."

"मग माझ्याच मनाचे खेळ," ती म्हणाली आणि उठून तिने दवाखान्यात फोन लावला. नंबर दुसऱ्या कोणाला द्या, असं सांगितलं. बारक्या ते बोलणं संपेपर्यंत तिथे बसला होता. तिच्या आवाजात सुटकेचा आनंद होता आणि तो त्याने दिलेला होता.

पावसाळा गेला. हवा कोरडी झाल्यावर एके दिवशी जेवणाच्या टेबलावर दादाच्या हातून पाण्याचा जग निसटला. हा निष्काळजीपणा नव्हता. दादाला तो धरताच आला नव्हता. या वेळी वहिनीने कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि बारक्यालाही यायला लावलं, कारण दादा आपल्या तब्येतीचं नेहमी अर्धंच सांगतो.

डॉक्टर शांत बाई होत्या. दादाच्या दोन बोटांमध्ये कागद धरायला लावून त्यांनी तो ओढला. कागद सहज सुटला. कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी बोटाने टकटक केली तेव्हा दादाच्या करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. त्या म्हणाल्या, कोपराजवळ नस अडकली आहे, शेवटच्या दोन बोटांची ताकद तिच्यावर असते. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

वहिनी म्हणाली की तिला उन्हाळ्यापासून शंका होती. दादा हसला.

"हिला शंका लग्नापासून आहे," तो म्हणाला. "डॉक्टर, मी या बोटांवर जगतो. एक सूर मी याच दोन बोटांनी धरतो, अख्खा हॉल ऐकतो. मागच्या आठवड्यापर्यंत तो जसाच्या तसा होता. उलट यंदा जास्त चांगला. विचारा याला, हा रोज काट्यावर मोजतो."

डॉक्टरांनी बारक्याकडे पाहिलं. बारक्याने मान हलवली. ती होकारार्थी होती.

डॉक्टरांनी दादाचा हात पुन्हा उलटसुलट करून पाहिला. हाताची खाच त्यांनाही दिसत होती, पण दादाच्या अंगावर मुळात मांस कमी, हे त्यांनी बोलून दाखवलं. मग त्यांनी निर्णय सांगितला. इतकं बारीक काम बोटं परवापर्यंत करत होती म्हणजे त्रास नवा आहे. अशा वेळी घाईने कापाकापी करायची गरज नसते. झोपताना कोपर सरळ राहील असा पट्टा बांधा, टेकून बसू नका, तीन महिन्यांनी या. जुनं दुखणं असतं तर मी सांगितलं असतं की एक आठवडाही थांबू नका, कारण स्नायू एकदा सुकला की नस मोकळी करूनही तो परत येईलच असं नाही.

परतताना दादा टॅक्सीत पुढे बसला आणि ड्रायव्हरशी गप्पा मारू लागला. मग मागे वळून म्हणाला, "बारक्या, तुझ्या काट्यामुळे वाचलो बघ. नाहीतर ह्या दोघी मला आजच टेबलावर घेत होत्या." वहिनी खिडकीबाहेर बघत हसली. बारक्याच्या मांडीवर तो पट्टा होता, प्लास्टिकच्या पिशवीत.

आतापर्यंत जे झालं ते त्याला लपवाछपवी म्हणून डोक्यात ठेवता येत होतं. भावाचा मान राखला, एवढंच. टॅक्सीत त्याला कळलं की आता पेटी डॉक्टरांच्या खोलीतही जाऊन बसली आहे. तीन महिने दादा पट्टा बांधून वाट बघणार आणि तीन महिने हात सुकत राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दादाला तालमीच्या खोलीवर बोलावलं, इतरांच्या आधी. खोली एका फर्निचरच्या गोदामामागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दादा येण्याआधी बारक्याने पेटीच्या दोन्ही वायरी काढल्या आणि गिटार सरळ मिक्सरला जोडली.

दादाने गिटार गळ्यात अडकवली, इअरफोन घातला आणि नेहमीसारखा हात गरम करायला एक साधी धून वाजवली. मध्येच थांबला.

"वायर गेलीय तुझी," तो म्हणाला. "आवाज पडतोय."

"वायर ठीक आहे."

"मग बॅटरी बघ."

"दादा, तो शेवटचा सूर धर."

दादाने धरला. बोटं तारेवर दाबली, तार ताणली. सूर निघाला, थोडा पुढे गेला, खरखरला आणि पडला. दादाने पुन्हा धरला, अधिक जोर लावून. आता अंगठाही पांढरा पडला होता. सूर तिथेच पडला. बारक्याने मग पेटी हातात घेतली, वायरी जोडल्या आणि पुन्हा वाजवायला सांगितलं. या वेळी सूर खोलीभर उभा राहिला आणि त्याच्याबरोबर खरखरही. जुन्या वायरिंगची म्हणून सांगितलेली ती खरखर पेटीबरोबरच परत आली होती, हे दादाने ऐकलं.

त्याने इअरफोन काढून गळ्यात सोडला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

दादा स्टुलावर बसला. त्याने डावा हात उलटा करून पाहिला, जणू दुसऱ्याचा आहे. बारक्या ओरडा खायच्या तयारीत उभा होता. ओरडा पडला असता तर बरं झालं असतं. तो भरभर सांगू लागला की तुला वाईट वाटेल म्हणून, मला वाटलं आपोआप जाईल. दादाने ते ऐकलं की नाही ते कळलं नाही.

"यंदा मी स्वतःवर खूश होतो रे," दादा म्हणाला.

बारक्याने पेटीच्या वायरी पुन्हा काढल्या.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, "तिला तू सांग. मी नाही सांगणार."

वहिनी दुकानात होती. कापडाच्या ताग्यांमधल्या वाटेत उभं राहून बारक्याने तिला सगळं सांगितलं, इस्त्रीच्या दिवशीचा चहाही. गळ्यात मोजपट्टी अडकवून ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने मोजपट्टी काढून गुंडाळली, मालकिणीला निघते म्हणून सांगितलं आणि फोन काढला. दवाखान्याचा नंबर तिला पाठ होता.

"मी त्या दिवशी नंबर सोडला," फोन वाजत असताना ती म्हणाली. "तुमच्या एका वाक्यावर सोडला." मग पलीकडे कोणीतरी बोललं आणि तिने बारक्याकडे पाठ केली.

पुढच्या गोष्टी वेगाने झाल्या. सुया टोचून आणि विजेचे हलके धक्के देऊन नस तपासली. डॉक्टरांनी बारक्याला बाहेर बसायला सांगितलं नाही, पण त्याच्याकडे बघून बोलणं टाळलं. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली. नस मोकळी झाली, असं त्यांनी सांगितलं. आता हात आणखी बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल, ते वर्षभराने कळेल. उन्हाळ्यात आले असते तर हा प्रश्नच नव्हता. शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, कोणाला उद्देशून नाही.

हॉटेलात दादाच्या जागी एक तरुण मुलगी वाजवू लागली. बारक्याने मिक्सरचं काम सोडायची तयारी दाखवली, तेव्हा ड्रमर म्हणाला, पळून जायची सवय लावू नकोस, आधीच अंगाने दारातून जात नाहीस. तो राहिला. संथ धून मात्र यादीतून काढली. त्या मुलीने एकदा विचारलं की ती धून का वाजवत नाही, तेव्हा ड्रमरने पुढची थाप मारली.

दादाकडे तो जात राहिला. वहिनी दार उघडायची. पूर्वी दारातच ती काहीतरी टोमणा मारायची, भावजी आले, पायरी मजबूत आहे ना. आता नुसतं दार उघडायची आणि बाजूला व्हायची. चहा यायचा, पण ती समोर बसत नसे.

टाके निघून बराच काळ गेल्यावर एका दुपारी दादाने त्याला बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत छोटा ॲम्प्लिफायर मांडला होता, गिटार थेट त्यात जोडलेली. मध्ये काही नव्हतं. दादाच्या कोपराच्या आत लांब, गुलाबी व्रण होता. इअरफोन नव्हता.

"रोज थोडं वाजवायचं म्हणतायत डॉक्टर," दादा म्हणाला. "मला माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही. इच्छा असली की मला सूर ऐकू येत राहतो. तू बस. थांबला की सांग."

"मी?"

"मग कोण? तुलाच सवय आहे माझं मोजायची."

टोमणा होता का, हे बारक्याला कळलं नाही. तो खुर्चीत बसला. वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात ओला टॉवेल.

दादाने दोन्ही बोटं तारेवर ठेवली. अनामिका जेमतेम दाबत होती, करंगळी नुसती तिच्या बाजूला टेकली होती. त्याने तार छेडली. सूर निघाला, बारीक पण स्वच्छ. दादाने डोळे मिटले होते. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना हॉलमधला भाव येऊ लागला, म्हणजे त्याला तो अजून ऐकू येत होता.

बारक्याला येत नव्हता. ॲम्प्लिफायरची घरघर तेवढी होती. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं तर दादाला तेवढा आणखी मिळेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"थांबला," बारक्या म्हणाला.

दादाने डोळे उघडले. बोटं उचलली, झटकली, पुन्हा त्याच जागी ठेवली.

"परत," तो म्हणाला.

वहिनी दारातून हलली नाही.